रखमाबाईंच्या हातात काय द्यायचं?

प्रिय,

चौकातल्या रखमाबाईंच्या पुतळ्यासाठी केलेल्या क्ले मॉडेलचे फोटो पाहिले. साडीच्या चुण्या झकास उतरल्यात. पण रखमाबाई आकाशाकडे का बघतायत? १८८७ साली कोर्टाने ‘नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असं फर्मावलं, तेव्हा तुरुंग पत्करायला तयार झालेली ही बाई. पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांना तपासत राहिली. तिची नजर समोरच्या माणसावर हवी.

आपल्या चौकांत बाई ब्राँझमध्ये येते ती बहुधा तलवार घेऊन, नाहीतर मूल घेऊन. झाशीच्या राणीला आणि जिजाऊंना ते शोभतंच. डॉक्टरलाही त्याच थाटात उभी केलीस, तर पाटी वाचल्याशिवाय कोण ते कळायचं नाही.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गोष्टीतली ॲलिस होती, नाटकातली ज्युलिएट होती. खऱ्या बाईचा पुतळा २०२० पर्यंत एकही नव्हता. मग शिल्पकार मेरेडिथ बर्गमन यांनी बायकांच्या हक्कांसाठी लढलेल्या तिघींना एका टेबलाशी आणलं. एलिझाबेथ स्टँटन लिहितेय, सोजर्नर ट्रुथ बोलतेय, सुझन अँथनीजवळ कागद आहेत. आधीच्या आराखड्यात कृष्णवर्णीय ट्रुथ नव्हतीच, दोघी गोऱ्याच होत्या. टीका झाली तेव्हा तिला जागा मिळाली. शिल्प म्हणून मला ते जरा गुळगुळीत वाटतं. पण बायका काम करताना दिसतात, हे तिथून उचल.

त्याच वर्षी लंडनमध्ये शिल्पकार मॅगी हॅम्बलिंग यांनी बायकांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्टच्या स्मरणार्थ केलेल्या शिल्पाच्या टोकावर छोटीशी नग्न आकृती आली. लोक भडकले. ही वुलस्टनक्राफ्ट नव्हेच, असा खुलासा हॅम्बलिंग यांनी केला. असेलही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत शिल्पकार रस्त्यावर थोडाच उभा राहणार?

तेव्हा रखमाबाईंच्या हातात डॉक्टरची बॅग दे, चांगली जड वाटेल अशी; त्या बाजूचा खांदा किंचित उतरू दे. गळ्यात स्टेथोस्कोप नको. बारीक नळ्या ओतकामात छळतात आणि नंतर पोरं त्या वाकवतात. चौथरा उंच ठेवायचा हट्ट आयोजकांनी धरलाच, तर डोकं थोडं मोठं कर, खालून बघताना ते लहान दिसतं. चुण्यांच्या खोबणीत पावसाचं पाणी साचणार नाही असा उतारही आत्ताच मातीत काढून ठेव.

आणि पाठीकडून फोटो पाठव. चौकात अर्ध्या लोकांना तीच दिसणार आहे, आणि तू ती अजून केलेली दिसत नाहीस.

तुझा,
सर