शेतात ऐकायच्या छोट्या प्लेअरमध्ये कीर्तनं आणि गाणी भरायची आहेत. किती जीबीचं कार्ड घ्यावं?

१६ जीबी भरपूर झालं, ३२च्या वर जाऊच नका. १२८ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, हा आकडा मोठा तशी फाईल मोठी) एमपी३ला मिनिटाला जेमतेम १ एमबी लागते. दोन तासांचं कीर्तन ११५ एमबीत बसतं आणि १६ जीबीत अडीचशे तासांहून जास्त मावतं. पैठण ते पंढरपूर पायी वारीत रोज दहा तास ऐकलं तरी संपणार नाही! ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाईली मांडायची एक पद्धत) येतं, तर स्वस्तातले बरेच प्लेअर फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचतात, म्हणून कार्ड घातलं तरी ते दिसतच नाही. मात्र गाणी ३२० केबीपीएसची असतील तर जागा अडीचपट लागेल. डब्ल्यूएव्ही (न दाबलेलं, मूळ आकाराचं) रेकॉर्डिंग तर मिनिटाला १० एमबी खातं, ते आधी एमपी३ करून घ्या.