झाडावरचा वाडा, मुळाशी ड्रॅगन

प्रश्न : आजोबा, मी गोष्ट लिहितेय. एल्फ सरदारांचा वाडा झाडाच्या शेंड्यावर आहे आणि राखणीचे दोन ड्रॅगनही तिथंच राहतात. झाड कोणतं घेऊ?
– आठवीतली वाचक, यावल

उत्तर : माय, वड घे. सागवान उंच खरा, पण त्याच्या शेंड्यावर साधा माळाही तोलायचा नाही. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजल्या की त्यांचे खांब होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं मूळ खोड बुरशीमुळे १९२५ साली काढावं लागलं. झाड अजून पारंब्यांवर उभं आहे.

ड्रॅगन मात्र वर नकोत. नॉर्स पुराणकथांतला नीडहॉगही विश्ववृक्षाच्या मुळाशीच असतो. (तो मुळं कुरतडतो, तुझे शहाणे ठेव.) मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्यात वाड्यात आग ओकणारं जनावर? मी लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर झोपायचो. एकदा खालच्या शेकोटीची ठिणगी कडब्यात गेली. नंतर आठ दिवस आजोबांनी मला माळ्यावर चढू दिलं नाही.

आणि हो, भरताची वांगी ड्रॅगनांकडूनच भाजून घे. पऱ्हाटीच्या काड्या वाचतील.