डोमेन नावाचा फेरफार

प्रश्न : तारकर्लीजवळचे आमचे निवास-न्याहारी वयोमानामुळे आम्ही विकत आहोत. संकेतस्थळाच्या ज्या '.कॉम' पत्त्यावरून, म्हणजे डोमेन नावावरून, पर्यटक आरक्षण करतात, ते नावही खरेदीदाराला हवे आहे. पण ते आमच्यासाठी संकेतस्थळ करून देणाऱ्या तरुणाने घेतले होते. हा व्यवहार कसा करावा?
— एक वाचक, मालवण

उत्तर : सर्वप्रथम त्या नावाची नोंद कोणाच्या नावे आहे, हे पाहावे. वार्षिक शुल्क तुम्ही भरत असलात, तरी रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, दप्तरी त्या तरुणाचे नाव व त्याचाच ईमेल असेल, तर हस्तांतराची संमती त्याच्याकडूनच मागितली जाईल. सातबाऱ्यावर फेरफार करून घेतल्याशिवाय आपण जमीन विकायला निघत नाही, तसेच इथे समजावे. त्याच्याकडून स्नेहाने, पण लेखी, नाव तुमच्याकडे करून घ्या. तो अडून बसला, तर शुल्काच्या पावत्या उपयोगी पडतील. शिवाय व्यवसायाची ओळख बनलेल्या डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केले आहे.

मात्र इथे एक मेख आहे. नोंदणीधारक बदलल्यावर, आधी सूट मागून ती मिळालेली नसेल तर, साधारणपणे 60 दिवस ते नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. नवी नोंदणी झाल्यावर किंवा रजिस्ट्रार बदलल्यावरही असेच कुलूप लागते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की खरेदीदाराने त्याच रजिस्ट्रारकडे खाते उघडावे आणि नाव त्या खात्यात वळते करून घ्यावे. हे कुलूप रजिस्ट्रार बदलण्याला असते, एकाच रजिस्ट्रारच्या दोन खात्यांमधील बदलाला सहसा नसते. रजिस्ट्रार बदलायचाच असेल, तर खात्यातून त्या नावावरचे हस्तांतर-लॉक (हे वरच्या 60 दिवसांच्या कुलुपाहून वेगळे) काढून ट्रान्स्फर कोड, म्हणजे हस्तांतराचा गुप्त संकेतांक, द्यावा लागतो, जुना रजिस्ट्रार पाच दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतो आणि '.कॉम'ची मुदत एक वर्षाने वाढते. हा कोड म्हणजे तिजोरीची किल्ली आहे. पैशांची हमी मिळण्यापूर्वी तो व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका. रक्कम मोठी असेल, तर ती तटस्थ मध्यस्थाकडे ठेवून नाव ताब्यात गेल्यावर सोडण्याची अट करारात घालावी.

नोंदणीची मुदत केव्हा संपते, तेही पाहून ठेवा. मुदत उलटून नाव काढून टाकले गेले, तर पुढील 30 दिवस ते जबर शुल्क भरून परत मिळवता येते. त्यानंतर ते कोणालाही घेता येते.

पर्यटक कमी असतात त्या पावसाळ्यात हे काम उरकणे सोयीचे. कारण नावाबरोबर त्या नावावरचे ईमेल पत्तेही नव्या मालकाकडे जातात. तुमची बँक, जीएसटी किंवा आरक्षणाची खाती त्या पत्त्यावर असतील, तर पासवर्ड बदलण्याच्या सूचना यापुढे त्याच्याच हाती पडतील. म्हणून हस्तांतरापूर्वी एकेक खाते आपल्या वैयक्तिक पत्त्यावर वळवून घ्या, आणि पुढच्या मोसमाची आरक्षणे कोण सांभाळणार, हे खरेदीखतातच लिहा.