मैदानाचं आरक्षण नव्या आराखड्यातून उडालं, आता हरकत कशी घ्यायची?

प्रश्न : आमच्या वसाहतीला लागून असलेली सुमारे ४० गुंठे खासगी जागा सध्याच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. महापालिकेने नुकत्याच प्रसिद्ध केलेल्या सुधारित प्रारूप आराखड्यात ती रहिवासी विभागात दाखवली आहे. हरकतींची मुदत संपायला तीन आठवडे उरले आहेत. जागा आमच्या मालकीची नाही. आम्हाला हरकत घेता येईल का? सह्यांचं निवेदन पुरेल, की थेट उच्च न्यायालयात जावं?

उत्तर : हरकत घ्यायला मालकी लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असेच शब्द आहेत. अट दोनच गोष्टींची : हरकत लेखी हवी आणि कलम २६ च्या नोटिशीत (प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवणारी नोटीस) दिलेल्या मुदतीत पोहोचायला हवी. नगरसेवकाकडे दिलेलं निवेदन किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे हरकत नव्हे.

लिहायला बसण्यापूर्वी नगररचना विभागात जाऊन नकाशे नीट बघा. जुन्या मंजूर आराखड्याचा आणि नव्या प्रारूपाचा भाग नकाशा (तुमच्या परिसरापुरता तुकडा) शेजारी शेजारी ठेवून सिटी सर्व्हे क्रमांक जुळवा. कधी आरक्षण रद्द झालेलं नसतं, क्रमांक बदलून शेजारच्या जागेवर सरकलेलं असतं. तसं असेल तर हरकतीचा मुद्दाच बदलतो. विद्यमान भूवापर नकाशाही (कोणती जागा आज कशासाठी वापरली जाते, हे दाखवणारा) पाहा. मुलं रोज खेळतात ती जागा तिथे ‘रिकामी’ म्हणून नोंदली गेली असेल, तर ती चूक हरकतीत आवर्जून मांडा.

आरक्षण का उठलं, हे शोधणं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. आराखडा अंमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलंही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सांगितलं आहे. म्हणून महापालिकेला विचारा : अशी सूचना आली होती का, केव्हा आली, आणि व्यपगत झाल्याचा आदेश राजपत्रात निघाला का? आदेश निघाला असेल, तर त्याच जागेवर पुन्हा आरक्षण मागणं कमकुवत ठरेल. मग त्याच सेक्टरमधली (आराखड्यासाठी शहराचे जे भाग पाडतात, त्यांपैकी तुमच्या भागातली) शासकीय किंवा महापालिकेची मोकळी जागा सर्व्हे क्रमांकासह सुचवा. आदेश नसेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

ही माहिती माहिती अधिकारात मागितली तर उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तुमची मुदत त्याआधीच संपते. त्यामुळे अर्ज आजच करा, पण त्याच्या उत्तरासाठी हरकत अडवून ठेवू नका. सुनावणीच्या वेळी कागदपत्रं सादर करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे.

सह्यांचं निवेदन द्यायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. २०० सह्यांचं एक निवेदन म्हणजे नोंदवहीत बहुतेकदा एकच हरकत. सोसायटीची ठरावासह एक सविस्तर हरकत द्या आणि कुटुंबांनी आपापली, स्वतःच्या मुद्द्याची वेगळी हरकत द्यावी : कोणाच्या मुलांना दुसरं मैदान गाठायला हमरस्ता ओलांडावा लागतो, कोणाच्या शाळेला स्वतःचं पटांगण नाही. एक-दोन पानं पुरेत. नोटिशीचा दिनांक, भाग नकाशाचा व सेक्टरचा क्रमांक, जुना आरक्षण क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, नेमकी मागणी आणि ‘प्रत्यक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य त्यात हवंच. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्या.

मुद्दे नियोजनाचे असू द्या. प्रारूप आराखड्यासोबत अहवाल असतो. त्यात तुमच्या सेक्टरची अपेक्षित लोकसंख्या, मैदानांसाठी लागणारं क्षेत्र आणि प्रस्तावित क्षेत्र यांचे आकडे शोधा. तूट दिसत असताना मैदान वगळलं असेल, तर महापालिकेचाच आकडा तुमच्या बाजूने उभा राहतो. ‘बिल्डरशी संगनमत’ असले आरोप पुराव्याशिवाय लिहू नका. नियोजन समिती त्यांची चौकशी करत नाही, उलट बदनामीचा दावा ओढवू शकतो.

हरकतींवर सुनावणी याच समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ असतात. बोलायला काही मिनिटंच मिळतात. एकाने बोलावं, नकाशावर जागा रंगवून न्यावी, लेखी टिपण देऊन त्याचीही पोच घ्यावी.

उच्च न्यायालयात आत्ताच जाण्याचा सल्ला मी देणार नाही. हरकतीचा मार्ग खुला असताना याचिका अकाली ठरण्याची शक्यता मोठी आहे. नोटीसच कायद्याप्रमाणे निघाली नसेल तर गोष्ट वेगळी. तोवर त्या जागेवर घरांना परवानगी मिळेल ही भीती असेल, तर लक्षात ठेवा : सुधारित आराखडा मंजूर होईपर्यंत जुना मंजूर आराखडा लागू असतो. तसं पत्र बांधकाम परवानगी विभागाला आजच देऊन ठेवा.

समितीच्या अहवालानंतर महापालिका बदल करून आराखडा शासनाकडे पाठवते. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर कलम ३१ खाली पुन्हा नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी राजपत्रावर लक्ष ठेवा. आणि तुमच्या हरकतीवर समितीने काय शिफारस केली, त्या पानाची प्रमाणित प्रत मागून घ्या. पुढे याचिका करायची वेळ आली तर वकील आधी तीच मागेल.