1,200 रुपयांत दाढ काढावी की 12,000 घालून वाचवावी?

प्रश्न: माझी खालची डावी दाढ किडून आत पू झालाय. दवाखान्यात रूट कॅनलचे 6,500 आणि कॅपचे 5,500 सांगितलेत. दाढ काढली तर 1,200. गोळ्यांनी ठणका थांबलाय, म्हणून मिस्टर म्हणतात दिवाळीनंतर बघू. 80,000 ची एफडी आहे, आठ महिन्यांपूर्वी केलेली, ती मोडवत नाही. मुलीच्या क्लासची फी तोंडावर आली आहे. कंपनीचा मेडिक्लेम चालेल का? की क्रेडिट कार्डवर ईएमआय करू? दवाखान्यात तसं सुचवलंय.
– एक वाचक, भांडुप

ताई, आधी ठणक्याबद्दल बोलू, कारण तुमचा निर्णय तिथेच अडलाय. दाढेच्या आत नस असते आणि तिला रक्त मिळतं ते मुळाच्या टोकाकडून. कीड आत उतरली की नस सडते आणि तो रक्तपुरवठाही बंद पडतो. मग अँटिबायोटिक दाढेच्या आत पोचणार कसं? ते भोवतालची सूज उतरवतं, तेवढंच. कधी कधी तर नस पुरती मेली म्हणूनच दुखायचं थांबतं. मुळाशी पू साचत राहतो आणि आजूबाजूचं हाड झिजत जातं. म्हणून ‘दिवाळीनंतर’ हा पर्याय मी हिशेबात धरतच नाही. मध्येच सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर पैशांचा विचार न करता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता 1,200 विरुद्ध 12,000. ही तुलनाच अर्धवट आहे. दाढ काढली की ती जागा रिकामी राहते. शेजारच्या दाढा हळूहळू तिकडे कलतात, वरची दाढ खाली उतरायला लागते, तिथलं हाड बसतं. त्यामुळे आज ना उद्या ती जागा भरावी लागते. ब्रिज करायचा तर दोन्ही बाजूंच्या चांगल्या दाढा घासून एकमेकींना जोडलेल्या तीन कॅप बसवतात, मधली रिकाम्या जागेवर. तुमच्याच दवाखान्याच्या दराने तीन कॅपचे 16,500 होतात. त्यात काढायचे 1,200 मिळवा: 17,700. वर दोन धडधाकट दाढा खर्ची पडल्या त्या वेगळ्याच. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो बहुतेक ठिकाणी याहून महाग पडतो. काढघालीची कवळी स्वस्त, पण एका दाढेसाठी ती वापरायचा बहुतेकांना कंटाळा येतो. म्हणजे 1,200 हा फक्त पहिला हप्ता आहे.

रूट कॅनलला एवढे पैसे का, तेही बघा. जागा बधीर करून दाढेला वरून भोक पाडतात आणि अगदी बारीक फायलींनी मुळांतल्या नळ्या एकेक करून साफ करतात. खालच्या मोठ्या दाढेला सहसा अशा तीन-चार नळ्या असतात. त्या औषधाने धुऊन, रबरासारख्या पदार्थाने गच्च भरून बंद करतात. एक नळी जरी राहून गेली तरी पू परत होतो. तेव्हा दोन हजार वाचवायला घाईत काम करणारी जागा शोधू नका.

मात्र पैसे भरण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच: ‘कॅप धरून राहील एवढी दाढ हिरडीच्या वर शिल्लक आहे का, आणि मुळाला चीर तर नाही ना?’ चीर असेल, हिरडीचं हाड फारच गेलं असेल किंवा ती अक्कलदाढ असेल, तर काढणंच बरं. तसं असेल तर माझाही सल्ला बदलेल.

दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनल करा आणि 12,000 हा एकच खर्च धरा. पुष्कळ लोक ठणका गेला की कॅप टाळतात. आतून पोकळ झालेली दाढ चावताना दुभंगते, चीर मुळापर्यंत गेली की काढावीच लागते आणि 6,500 पाण्यात जातात. मागची दाढ हसताना दिसत नाही, त्यामुळे महागड्या कॅपचा आग्रह नको.

पैसे कुठून? मेडिक्लेमची आशा फारशी धरू नका. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च अपघातानंतर ॲडमिट व्हावं लागलं तरच मिळतो. तरी ओपीडी कव्हर, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च, मिळतो का, ते एचआरला विचारा. कार्डाचा ईएमआय ‘नो कॉस्ट’ म्हटला तरी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागू शकतो. आणि बिल एकदा थकलं की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. फीच्या महिन्यात ही जोखीम मी तुम्हाला घेऊ देणार नाही.

एफडी मोडूही नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढीच उचल. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं आणि एफडी चालूच राहते. 12,000 काढून महिन्याला 2,000 फेडलेत तर सहा महिन्यांचं सगळं व्याज तीन-साडेतीनशेच्या आसपास जाईल. पूर्ण एफडी मोडली तर दंड आणि कमी झालेला व्याजदर धरून नुकसान याहून बरंच जास्त होऊ शकतं.

हेही जड वाटत असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खाजगीपेक्षा खूप कमी येतो. भांडुपहून सीएसएमटीला थेट लोकल आहे. फक्त तिथे रांग असते आणि फेऱ्या जास्त होतात. दर फेरीला तुमचा दिवसाचा पगार कापला जाणार असेल तर तोही खर्चात धरा. सुट्टी भरपगारी मिळत असेल, तर मी तिथेच जायला सांगेन.

क्लासची फी पगारातूनच जाऊ द्या. कॅपचं माप द्यायची तारीख मात्र रूट कॅनलच्या शेवटच्या सिटिंगलाच ठरवून घ्या.