चाळीस मेल, एकही उत्तर नाही

प्रश्न : मी मालवणची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले. तिसऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर, पीएच.डी. करायची आहे, पण बाबांची एक होडी, त्यात घर चालतं. चाळीस प्राध्यापकांना मेल केले, कुणाचंच उत्तर नाही.

उत्तर : चाळीस जणांना एकच मेल धाडलास ना? मीही तेच केलं होतं, आणि एकात आधीच्याच सरांचं नाव राहून गेलं! त्यापेक्षा चारच जण निवड. त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाच, आणि खाडीत पाऊस लांबला की तिसऱ्यांचं काय होतं, हे जे तू घरी बघतेस ना, ते पहिल्या दोन ओळींत लिही. ते शहरातल्या पोरांकडे नसतं.

पैशांसाठी सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची परीक्षा दे, विषय लाइफ सायन्सेस. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ, म्हणजे तिची वरची पायरी, झाल्यावर ४२,०००, घरभाड्याचा भत्ता वेगळा. गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुला जवळच. तिथल्या प्रकल्पांच्या जाहिरातीही बघत जा. मात्र प्रकल्पातली नोकरी म्हणजे पीएच.डी.चा प्रवेश नव्हे, तो वेगळा घ्यावा लागतो. हे मुलाखतीतच विचारून घे, लाजू नकोस.