नळीतून दिल्या जाणाऱ्या फीडमुळे रुग्णाला इन्फेक्शन होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना पक्षाघातानंतर राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली आहे, आयसीयूत असताना त्यांना जुलाब लागले आणि कुणीतरी म्हणालं, 'किचनच्या फीडमधून इन्फेक्शन झालं असणार.' आता घरी आणल्यावर पावडरचा डबा बरा की घरची पेज आणि डाळ, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये. मी हॉस्पिटलात डाएटिशियन आहे, नळीचं फीड हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फीडमधून इन्फेक्शन होऊ शकतं. पण आयसीयूतल्या प्रत्येक जुलाबाचा आळ फीडवर घेऊ नका. तिथे अँटिबायोटिक्स चालू असतात, त्यांनी आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि पोट बिघडतं. काही वेळा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू त्या रिकाम्या जागेत माजतो. नळीतून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच सिरपांमध्ये गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं, त्यानेही पातळ होतं. तुमच्या सासऱ्यांना नेमकं कशाने झालं, हे मी इथून सांगू शकत नाही.

आता फीडबद्दल. लोकांचा एक पक्का समज असतो: डबा सीलबंद, कंपनीचा, म्हणजे आत जंतू नाहीत. पावडरच्या बाबतीत हे खरं नाही. बाटलीत किंवा पिशवीत तयार मिळणारं द्रव फीड निर्जंतुक केलेलं असतं, पावडर तशी नसते. कोरडी असल्यामुळे तिच्यात जंतू वाढत नाहीत, पण काही जंतू तग धरून राहतात आणि पाणी मिळालं की जागे होतात.

याचं सगळ्यात अभ्यासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2001 साली टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अपुऱ्या दिवसांचं एक बाळ मेंदूज्वराने गेलं. त्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात एंटेरोबॅक्टर साकाझाकी हा जिवाणू सापडला. आता त्याला क्रोनोबॅक्टर म्हणतात. मग त्या विभागातली 49 बाळं तपासली. एकूण दहा बाळांमध्ये हा जिवाणू निघाला. त्यातली सात बाळं आजारी नव्हती, त्यांच्या अंगात तो नुसता ठाण मांडून होता. तिथलं पाणी तपासलं, त्यात काही नाही. बाळांना दिल्या जाणाऱ्या दुधाच्या पावडरच्या उघडलेल्या डब्यात तो होता, आणि त्याच बॅचच्या न उघडलेल्या डब्यातही होता. म्हणजे सिस्टरचे हात, भांडी, पाणी यांच्या आधीच तो आत होता. कंपनीने मार्च 2002 मध्ये ती बॅच परत मागवली. पुढे 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तान्ह्या बाळांच्या पावडरीसाठी सांगितलं की पाणी निदान 70 अंश गरम असावं, आणि बनवलेलं दूध ताबडतोब गार करून फ्रीजमध्ये ठेवणार नसाल तर दोन तासांत संपवावं.

हे वाचून घाबरू नका. क्रोनोबॅक्टरचा खरा धोका तान्ह्यांना, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना. मोठ्या माणसांच्या फीडमध्ये सापडतात ते वेगळे: क्लेब्सिएला, ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस, बॅसिलस. आणि ते बहुतेक वेळा डब्यातून येत नाहीत. मिक्सरच्या पात्याखालच्या रबरी रिंगमधून, गाळणीतून, ओल्या चमच्यातून, हातांतून येतात. म्हणूनच किचनमध्ये दळून-गाळून केलेलं फीड पावडरपेक्षा जास्त दूषित होतं. कित्येक देशांतल्या हॉस्पिटलांच्या तपासण्यांत हेच दिसलंय. वाईट किचन हे त्याचं एकमेव कारण नाही. जितक्या भांड्यांतून आणि हातांतून अन्न जाईल तितक्या जंतूंच्या वाटा वाढतात.

नळीच्या रुग्णाचं वेगळेपण इथे आहे. आंबलेली डाळ तुमच्या-माझ्या तोंडात गेली तर आपण थू करून टाकू. नळीला जीभ नाही, नाक नाही. जे ओताल ते आत. शिवाय पोटातलं आम्ल जंतू मारतं, पण आयसीयूतल्या बहुतेकांना पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं चालू असतात. नळी थेट लहान आतड्यात उतरवलेली असेल तर आम्लाचा अडसरच गेला. अशक्त माणसाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली, तेव्हा तुम्हाला जेमतेम कळेल एवढ्या डोसानेही त्याचं पोट बिघडतं, आणि क्वचित जंतू रक्तात पोचतात.

त्यामुळे मला विचाराल तर पावडर की घरचं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: बनवून किती वेळ झाला? उबदार जागी काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेबापुरतं धरा, हजार जंतू असतील तर चार तासांत चाळीस लाख. म्हणूनच पावडर कालवून केलेलं फीड टांगून ठेवायची मर्यादा चार तासांची. निर्जंतुक द्रव दुसऱ्या भांड्यात ओतून दिलं तर साधारण आठ. न उघडता थेट जोडायच्या बंद पिशव्या मात्र कंपनीच्या सूचनेनुसार 24 ते 48 तास चालतात. त्या महाग असतात. आयसीयूत थेंबथेंब फीड चालू असेल तर त्या वाजवी आहेत. घरी सिरिंजने दर दोन-तीन तासांनी देताना त्यांच्यावर पैसे घालवायची गरज मला वाटत नाही.

तुमच्यासाठी माझं मत असं: डॉक्टरांनी सांगितलेला मुख्य आहार पावडरचा ठेवा, कारण त्याचं प्रमाण नेमकं राहतं आणि भांडी कमी लागतात. घरचं पातळ मधूनमधून द्या, पण ताजं करून, एका वेळेपुरतंच. सकाळी पातेलंभर पेज करून ती दिवसभर ओट्यावर ठेवायची, ही पद्धत बंद करा. भातातले बॅसिलसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि स्टॅफिलोकोकसने एकदा विष सोडलं की परत उकळून ते जात नाही. 'गरम करून दिलं की झालं' हे इथे चालत नाही. जास्त केलंच तर लगेच थंड करून फ्रीजमध्ये, आणि 24 तासांनंतर फेकून द्या. लोडशेडिंगच्या दिवसांत फ्रीजवर भरवसा ठेवू नका.

उरलेल्या फीडमध्ये नवं ओतू नका. ते विरजण लावण्यासारखंच आहे, फक्त दह्याऐवजी काय लागेल ते सांगता येत नाही.

पावडर कालवायला पाणी उकळून गार केलेलं घ्या. फिल्टरचं पाणी निर्जंतुक नसतं. डब्यातला चमचा कोरडा ठेवा, डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. सिरिंजचा दट्ट्या बाहेर काढून दोन्ही भाग साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि वाळू द्या. नुसतं पाणी ओढून सोडलं तर रबराच्या कडेला फीड राहतं. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर नळीत थोडं पाणी सोडा. किती सोडायचं ते सिस्टरना विचारा, काही रुग्णांना पाण्याचं बंधन असतं.

आणि एक, जे जुलाबांपेक्षा मोठं आहे: फीड फुप्फुसात जाणं. नळीच्या रुग्णांत न्यूमोनिया यातूनही होतो आणि तिथे स्वच्छ फीडही वाचवत नाही. फीड देताना आणि नंतर अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवा. नळी नाकापाशी जिथे खूण केलीय तिथून सरकली असेल तर फीड देऊ नका, आधी हॉस्पिटलला फोन करा.

परत जुलाब लागले तर स्वतःहून फीड बंद करू नका, उपासमारीने माणूस आणखी खचतो. डॉक्टरांना औषधांची यादी दाखवा, सिरपांसकट. ताप, धाप, पोट फुगणं, शौचातून रक्त, लघवी कमी होणं किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.